सरडीची अंडी आणि आजीची सुंठ

गोष्ट २०२४ च्या जूनमधली. पहिला दमदार पाऊस पडून दोन-तीन दिवस झाले होते. सकाळी दूध आणायला निघाले तर सोसायटीच्या मागच्या बाजूला, तगरीच्या झुडपाशेजारी, एक सरडा माती उकरताना दिसला. सरडा कसला, सरडीणच. पोट टम्म फुगलेलं. दूध घेऊन परत आले तरी बाई तिथेच. खड्डा झाला, पाठमोरी होऊन अंडी घातली, वर माती लोटली आणि मग तोंडाने दाबून दाबून जागा अशी सारखी केली की मी पाहिलं नसतं तर इथे काही झालंय हे कळलंही नसतं. मग झुडपात शिरली आणि गेली. मागे वळून पाहणं वगैरे काही नाही.

दुसऱ्या दिवशी माळीदादा नेमके तिथेच कुदळ घेऊन उभे! मी अक्षरशः धावले.

"दादा, दोन महिने इथे हात लावू नका."

"ताई, सरड्याची अंडी आहेत हो. कोंबडीची नव्हेत."

तरी बिचाऱ्यांनी ऐकलं. चार विटा रचून कुंपण केलं. (सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात, इथे कुंपणच सरड्यापर्यंत आलं.) घरी येऊन चहा टाकला आणि एकदम आजी आठवली.

मी सात-आठ वर्षांची असेन. वाईला आजीच्या परसात आम्ही मुलांनी अशीच अंडी उकरून काढली होती. पांढरी, लांबट, चिंचोक्यापेक्षा थोडी मोठी, हाताला मऊ लागणारी. पालीच्या अंड्यासारखं कडक टरफल नाही. पोरांनी ती बोर्नव्हिटाच्या डब्यात घातली आणि डबा खिडकीत उन्हात ठेवला. "उबेने पटकन फुटतील" ही माझीच अक्कल. आजीने पाहिलं आणि अशी काही ओरडली की बस! एरवी आवाज न चढवणारी बाई. म्हणाली, "तिने जागा बघून ठेवलीत ती. तुम्हाला कळतं का तिच्यापेक्षा जास्त? नेऊन ठेवा परत." आम्ही नेऊन पुरली. एकही फुटलं नाही. महिनाभर रोज जाऊन बघत होते मी.

ती का फुटली नाहीत ते मला फार उशिरा कळलं. कोंबडी आपली अंडी दिवसातून कितीतरी वेळा फिरवते, ते त्यांना लागतंच. सरपटणाऱ्या प्राण्यांचं उलट. त्यांचा गर्भ लवकरच कवचाच्या आतल्या बाजूला चिकटतो, आणि अंडं उलटंपालटं झालं तर तो मरू शकतो. आम्ही डब्यात ती खुळखुळ्यासारखी हलवली होती. वर ऊन. आजीला यातलं शास्त्र काही माहीत नव्हतं, पण म्हणाली ते बरोबर होतं.

तर हे सगळं आठवल्यावर मी जरा वाचायला बसले. आणि वाचता वाचता अशा एका जागी पोचले की तिथून थेट आमच्या घरातल्या एका जुन्या गोष्टीत जाऊन पडले. ती गोष्ट आधी सांगते. थोरली आत्या हे वाचणार आहे, म्हणून तिला विचारूनच लिहितेय.

आजीला पाच मुली. पाच मुलींनंतर माझे बाबा. पहिली, म्हणजे थोरली आत्या, १९४५ ची. दुसरीही मुलगी झाली तेव्हा पणजीने, म्हणजे आजीच्या सासूबाईंनी, निदान केलं की हिच्या पोटात थंडी आहे. थंड कुशीत मुलगीच धरते. मुलगा हवा तर पोट तापलं पाहिजे. तिथून पुढे दर खेपेला आजीला सुंठ, मिरी, मेथ्या, जुना गूळ. वैशाखातसुद्धा! ताक बंद, काकडी बंद, दुपारी ओसरीवर फरशीवर आडवं होणं बंद. आजीच्या तोंडात फोड यायचे, ती भात नुसत्या पाण्याबरोबर गिळायची. हे मला आजीने नाही, आत्यांनी सांगितलंय. सहाव्या खेपेला बाबा झाले आणि सगळ्या आळीत सुंठीची कीर्ती झाली. पाच वेळा हरलेलं औषध सहाव्यांदा जिंकलं, यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

आता ऐका गंमत.

१९६६ साली पश्चिम आफ्रिकेत, सेनेगलमधल्या डाकारला, मादलेन शार्निए नावाच्या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ बाई अगामा नावाच्या सरड्याच्या अंड्यांवर काम करत होत्या. अगामा म्हणजे आपल्या सरड्याचा लांबचा भाऊबंदच. नराचं डोकं केशरी, अंग निळं, भिंतीवर बसून मान वरखाली करत असतो. शार्निए बाईंनी अंडी वेगवेगळ्या तापमानांत उबवली. साधारण २६-२७ अंश सेल्सियसला उबवलेल्या अंड्यांतून जवळजवळ सगळ्या माद्या निघाल्या. २९ अंशांना उबवलेल्यांतून नर.

दोन-तीन अंशांचा फरक. आपण पंखा एकवरून तीनवर नेतो तेवढा.

हे वाचलं आणि मी मोठ्याने म्हणाले, "पणजी जिंकली की!" थंड कुशीत मुली, तापल्या कुशीत मुलगा. डाकारच्या प्रयोगशाळेत सुंठीचा विजय झालेला. हसू आलं, आणि मग हसू येईना. कारण हे खरं असेल तर आजीच्या तोंडातल्या फोडांचं काय करायचं?

म्हणून मग नीट, पहिल्यापासून वाचलं.

पणजीची कल्पना पणजीची नव्हतीच. ती फार जुनी आणि जगभर हिंडलेली. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने हेच लिहून ठेवलंय. उष्णता पुरली तर नर, कमी पडली तर मादी. वारा उत्तरेचा आहे की दक्षिणेचा, याचाही परिणाम होतो म्हणे, आणि त्याबद्दल त्याने मेंढपाळांची साक्ष काढली आहे. म्हणजे मादी म्हणजे अर्धवट भाजलेली भाकरी, असं एकंदर मत. वाईची पणजी आणि ग्रीसचा तत्त्वज्ञ, दोघांचं निदान एक!

ही कल्पना मोडली १९०५ मध्ये. अमेरिकेत नेटी स्टीव्हन्स नावाच्या बाईंनी पिठातल्या किड्यांच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या. पिठातले किडे म्हणजे आपण चाळून टाकतो त्यांच्याच जातकुळीतले. त्यांना दिसलं की नराची शुक्रबीजं दोन प्रकारची असतात. अर्ध्यांत एक मोठं गुणसूत्र, अर्ध्यांत त्या जागी एक अगदी छोटं. छोटं आलं की नर. त्याच वर्षी एडमंड विल्सन यांनीही दुसऱ्या कीटकांवर काम करून याच दिशेचा निष्कर्ष काढला. १९२३ मध्ये थिओफिलस पेंटर यांनी माणसातही एक्स आणि वाय गुणसूत्रं असल्याचं दाखवलं. १९५९ मध्ये पक्कं झालं की माणसात वाय असला की मुलगा. आईच्या अंड्यात कायम एक्सच असतो. वाय यायचा तर वडिलांकडूनच.

म्हणजे ॲरिस्टॉटल गेला, सुंठ गेली, मेंढपाळांचा वाराही गेला. लिंग ठरतं ते गर्भ धरतो त्या क्षणी, चिठ्ठी निघाल्यासारखं. पाठ्यपुस्तकात तसं छापून आलं, आणि मग सगळ्याच प्राण्यांत असंच असणार असं लोक धरून चालले.

त्यामुळे १९६६ मध्ये शार्निए बाईंनी "सरड्यात उष्णतेने ठरतं" असं म्हटलं तेव्हा कुणी फारसं लक्षच दिलं नाही. लेख फ्रेंचमध्ये, पश्चिम आफ्रिकेतल्या जीवशास्त्र मंडळाच्या इतिवृत्तात, जेमतेम तीन पानांचा. तो वाचणार कोण? पुढे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये क्लोद पियो यांना कासवांत तसंच काहीसं दिसलं. तरी शंका होत्याच. प्रयोगशाळेतल्या पेटीत होतंय ते निसर्गात कशावरून? की एका तापमानाला नर गर्भ मरतात आणि दुसऱ्याला मादी गर्भ, आणि आपल्याला उरलेल्यांची मोजणी दिसतेय?

या शंका फिटल्या १९७९ मध्ये. अमेरिकेत जेम्स बुल आणि रिचर्ड व्होग्ट यांनी कासवांच्या खऱ्याखुऱ्या घरट्यांत जाऊन पाहिलं. सावलीतल्या घरट्यांत नर, उघड्या उन्हातल्या वाळूत माद्या. आणि गर्भ मरत होते म्हणून असं दिसतंय, असंही नव्हतं. मग मात्र सगळे जागे झाले. १९८२ मध्ये अमेरिकन मगरीत हेच सापडलं. आपल्याकडे मद्रासच्या क्रोकोडाइल बँकेत आपल्याच मगरीच्या अंड्यांवर काम झालं, १९८९ मध्ये प्रसिद्ध झालं. ३१ अंशांपर्यंत सगळ्या माद्या आणि ३२.५ च्या आसपास नर.

शार्निए बाईंच्या तीन पानांना पोचायला तेरा वर्षं लागली. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता वरचं नीट वाचलंत तर एक गोष्ट ध्यानात आली असेल. डाकारच्या सरड्यात ऊब म्हणजे नर. कासवात बरोब्बर उलटं, ऊब म्हणजे मादी! आणि काही प्राण्यांत तर मधल्या तापमानाला नर, दोन्ही टोकांना माद्या. बिबट्या गेको नावाची एक सुंदर ठिपकेदार पाल असते, पाकिस्तान-अफगाणिस्तानकडची, तिची एक सख्खी चुलत बहीण आपल्या महाराष्ट्रातही आहे. त्या पालीत २६ अंशांना माद्या, साधारण ३२.५ ला बहुतेक नर, आणि ३४-३५ ला पुन्हा माद्या. म्हणजे उष्णता "पुरली" की नर आणि "कमी पडली" की मादी, असं काही नाहीच. उष्णता हा नुसता निरोप आहे. त्याचा अर्थ काय लावायचा हे त्या त्या जातीचं शरीर ठरवतं. ॲरिस्टॉटल सरड्यातसुद्धा जिंकला नाही, एका जातीत योगायोगाने पास झाला इतकंच.

आत घडतं काय ते मला जेवढं समजलं तेवढं सांगते. सुरुवातीला गर्भातली ती ग्रंथी कोरी असते, वृषण होऊ शकते किंवा अंडाशय. उबवणीच्या साधारण मधल्या तिसऱ्या हिश्श्यात ती वळण घेते. त्या काळात अरोमाटेज नावाचं एक विकर भरपूर असलं तर ते नर संप्रेरकाचं स्त्री संप्रेरकात रूपांतर करतं, आणि अंडाशय होतं. कमी असलं तर वृषण. तापमान हे चालू-बंद करणाऱ्या जनुकांवर काम करतं. २०१८ मध्ये कासवात त्यातलं एक जनुक नेमकं पकडलं गेलं. ते दाबून टाकलं तर नर व्हायच्या तापमानालाही मादी होते.

ते मधले दिवस टळले की झालं. नंतर कितीही ऊन लागो, नर तो नर आणि मादी ती मादी.

आणि गोष्ट नुसती नर-मादीची नाहीच. हे मला जास्त थक्क करणारं वाटलं. मातीची ऊब आणि ओल सगळं शरीरच घडवते. सरड्यांची मऊ कवचाची अंडी मातीतलं पाणी पितात आणि फुगतात, घातली तेव्हाच्या दुप्पट वजनाचीही होतात. माती कोरडी असली तर अनेक जातींत पिल्लं लहान निघतात. ऊब वाढली की दिवस कमी लागतात, पण फार वाढली तर शेपूट वाकडी, अंगावरचे खवले विस्कटलेले. ऑस्ट्रेलियात रिक शाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन रेघांच्या सापसुरळीवर वर्षानुवर्षं काम केलं. (साप नव्हे हो, सापसुरळी! आमच्या धाकट्या आत्याला नुसतं नाव वाचूनच पाय वर घ्यायची सवय आहे.) उबदार घरट्यांतली पिल्लं थंड घरट्यांतल्यांपेक्षा जास्त जोरात पळतात. २०१२ च्या एका प्रयोगात ती शिकायलाही जास्त चपळ निघाली. त्या जातीत आपल्यासारखीच एक्स-वाय गुणसूत्रं आहेत, आणि तरीही घरटं फार थंड राहिलं तर काही दोन-एक्सवाली पिल्लं नर होऊन बाहेर येतात. चिठ्ठी निघालेली असते आणि माती ती खोडून दुसरं लिहिते.

त्या बिबट्या गेकोवर टेक्सासला डेव्हिड क्रूज यांच्या गटाने काम केलं. एकाच जातीच्या माद्या, पण ज्या जास्त उबेला, बहुतेक नर निघतात अशा तापमानाला उबल्या, त्या मोठेपणी जास्त भांडखोर आणि नरांना कमी पसंत पडणाऱ्या. स्वभाव! मातीच्या उबेतून आलेला.

पण उलटही पाहा. ऑस्ट्रेलियातल्या दाढीवाल्या ड्रॅगन सरड्यात गुणसूत्रांनी नर ठरलेलं अंडं ३२ अंशांच्या वर फार तापलं तर मादी होतं. हे प्रयोगशाळेत २००७ मध्ये दिसलं, आणि २०१५ मध्ये रानातही तशा माद्या सापडल्या. त्या अंडी घालतात, त्यांना पिल्लं होतात. त्या इतर माद्यांपेक्षा जास्त अंडी घालतात, असंही दिसलं. आणि त्यांच्या पिल्लांचं नर-मादी होणं मग सर्वस्वी तापमानावरच जातं. गुणसूत्रांची व्यवस्था एका पिढीत गुंडाळली.

आपल्या बागेतल्या सरड्याचं काय? मला तेच हवं होतं. त्याची कथा तर आणखी मजेदार. त्याच्यात ओळखता येतील अशी लिंग गुणसूत्रंच नाहीत. १९९५ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठातल्या संशोधकांनी प्रयोग करून सांगितलं की टेस्टोस्टेरॉन दिलं तर लिंग बदलतं, पण तापमानाने बदलत नाही. २०१२ मध्ये धारवाड-बंगळूरच्या संशोधकांनी म्हटलं की बदलतं, आणि तेही भलत्याच तऱ्हेने. तापमान वाढवत न्यावं तसं मादी, नर, पुन्हा मादी, पुन्हा नर! रोज कुंपणावर दिसणारा प्राणी, मुलं ज्याला दगड मारतात तो, आणि त्याच्याबद्दल शहाण्यांचे दोन निकाल.

धारवाडच्याच लोकांनी आणखी एक गोष्ट पाहिली. बंदिस्त ठेवलेल्या मादीला अंडी घालायला योग्य जागा मिळाली नाही तर ती अंडी पोटातच धरून ठेवते, आणि आतल्या गर्भाची वाढ एका ठराविक टप्प्यावर थांबून राहते. आमच्या तगरीखालची बाई पहिल्या पावसानंतर दोन-तीन दिवसांनी खड्डा खणायला आली ते उगीच नव्हे. माती भिजायची वाट बघत असणार. "तिने जागा बघून ठेवलीत ती." आजी!

हे सगळं वाचून झाल्यावर मला थोरल्या आत्याला फोन करावासा वाटला. ती ऐंशीच्या घरात आहे. कान शाबूत, डोकं आपल्यापेक्षा शाबूत. सरड्यांपासून सुरुवात केली, तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग मी म्हटलं, "आत्या, माणसात असलं काही होत नाही. आईचं अंग आतून कायम सदतीसच्या आसपासच असतं. सुंठीने पोट तापून मुलगा होत नाही. ते आधीच ठरलेलं असतं आणि ते वडिलांच्या बीजावर असतं."

ती म्हणाली, "म्हणजे वहिनीचं काही चुकलं नव्हतं." (आजीला तिच्या मुली वहिनी म्हणत. एकत्र घर, काका-आत्या जे म्हणायचे तेच मुलांच्या तोंडी बसलं.)

"नाही. आणि आजोबांचंही नाही. ती चिठ्ठी कुणी हाताने काढत नाही."

हे दुसरं वाक्य मी मुद्दाम बोलले. कारण मला दिसत होतं की एकदा "वडिलांकडून ठरतं" म्हटलं की आपण तराजूचं तेच पारडं उचलून दुसऱ्या बाजूला ठेवतो. दोष कुणाचा हा प्रश्न तसाच राहतो, फक्त नाव बदलतं. पाच मुली होणं हा दोषच नव्हता, हे त्या तराजूत कुठेच बसत नाही.

आत्या थोडा वेळ गप्प होती. मग तिने विचारलं, "हे कधी कळलं लोकांना?"

मी म्हटलं, "किड्यांमध्ये १९०५. माणसाची गुणसूत्रं १९२३."

"मी पंचेचाळीसची."

बस. एवढंच म्हणाली.

मला तोवर हा हिशोब सुचलाच नव्हता. मी तारखा जमवत होते, शार्निए बाईंच्या तीन पानांना तेरा वर्षं लागली म्हणून हळहळत होते. आणि इथे आमच्याच घरी, पोचायला हवी होती ती गोष्ट जगात छापून येऊन बावीस वर्षं झाली होती, तरी आजीला मेथ्या गिळायला लावत होते. शोध लागणं एक आणि पोचणं एक. मधल्या अंतरात माणसं राहतात.

कासवांच्या बाबतीत हे फार स्पष्ट दिसतं. १९७० च्या दशकात समुद्री कासवं वाचवायला म्हणून कळकळीची माणसं किनाऱ्यावरची अंडी गोळा करून थर्माकोलच्या पेट्यांत उबवत होती. १९८० मध्ये म्रोसोव्स्की आणि इंटेमा या दोघांनी दाखवून दिलं की या पेट्या किनाऱ्याच्या वाळूपेक्षा थोड्या थंड असतात, आणि कासवांत थंड म्हणजे नर. म्हणजे वाचवता वाचवता नुसते नरच समुद्रात सोडले जाण्याची भीती. त्या माणसांचा हेतू वाईट होता का? मुळीच नाही. आम्हा पोरांचाही नव्हता, बोर्नव्हिटाच्या डब्यापाशी. आज आपल्या कोकणात, वेळासला वगैरे, अंडी हलवली तरी किनाऱ्यावरच्याच वाळूत, कुंपणाच्या आत पुरतात. आता प्रश्न उलटा झालाय. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागातून आलेली हिरवी कासवं तपासली, तेव्हा लहान वयाच्या कासवांत ९९ टक्क्यांहून जास्त माद्या निघाल्या. वाळूच तापलीय. तिथे कुणाला सुंठ दिली नव्हती.

आणि ज्ञान पोचतं तेव्हा तरी ते चांगल्याच कामाला पोचतं असंही नाही. आमच्या आळीत गुणसूत्रं पोचायच्या आधी सोनोग्राफी पोचली. गर्भलिंग निदानाविरुद्ध कायदा करणारं पहिलं राज्य महाराष्ट्र, १९८८ मध्ये. देशाचा कायदा आला १९९४ मध्ये. पहिलं राज्य म्हणून अभिमान वाटायला हवा, पण कायदा करण्याची वेळ का आली हेही त्यातच आलं. पणजीच्या सुंठीने निदान कुणी मेलं नव्हतं, असं मनात येतं आणि मग पणजीबद्दलचा राग जरा खाली बसतो. तिलाही तिच्या सासूने सुंठच दिली असणार.

असो. फार लांबलं.

ऑगस्टमध्ये एका सकाळी विटांच्या आत मातीला बोटभर भोक दिसलं. जवळच तगरीच्या पानावर एक पिल्लू बसलं होतं. काडीएवढं, तपकिरी, डोकं अंगाच्या मानाने मोठं, अगदी मोठ्या सरड्याची छोटी नक्कल. बाकीची कुठे गेली कोण जाणे. माळीदादाही येऊन वाकून बघून गेले. म्हणाले, "नर का मादी हो ताई?"

मी म्हटलं, "सांगता येत नाही. या वर्षी पाऊस कसा झाला ते मातीला माहीत."

त्यांनी विटा उचलल्या आणि मोगरा लावायला खड्डा घेतला. मी आत्याला फोन करून सांगितलं की फुटली. तिने विचारलं, "सगळी?" मी म्हटलं, "भोक तरी मोठं आहे." ती हसली, आणि म्हणाली, "वहिनी असती तर खाली जाऊन बघून आली असती."